बत्तीशीची शपथ

माणूस भेटला की आपण त्याच्या तोंडाकडं बघतो. हा तोंडात बघायचा. समोरचा हसून 'काय, कसं काय' म्हणाला, की याच्या डोक्यात हिशेब सुरू. वरचा सुळा आत वळलाय. खाली डावीकडं एक गेलाय. आणि पुढचे दोन काही याचे स्वतःचे नाहीत, कुणीतरी घाईघाईत बसवलेत. एवढं झालं की मग नाव, गाव, ख्यालीखुशाली. बायकोची पहिली ओळख झाली तेव्हाही तेच. कुणाच्या तरी घरी चहाला दोघं समोरासमोर बसले होते. ती कशालातरी हसली आणि हा तिच्या पुढच्या दोन दातांमधली फट बघत बसला. तिला वाटलं, गडी आपल्यावर भाळला. लग्नानंतर खरं काय ते कळलं, आणि मग तिनं ते गल्लीत कुणाला सांगायचं बाकी ठेवलं नाही.

धंदा कवळ्या करण्याचा. दाताच्या डॉक्टरांकडून ठसे यायचे. हा त्यात प्लास्टर ओतून साचा काढायचा, मेणाची हिरडी करायचा, तिच्यावर एकेक दात ओळीनं बसवायचा आणि वरच्या जबड्याचा खालच्याशी चावा जुळवायचा. घराला लागून बोळासारखी एक लांबट खोली, तीच त्याची कामाची जागा. टेबलाला पांढरी पूड बसलेली, एका कोपऱ्यात गॅसची शेगडी, आणि भिंतीवरच्या फळीवर उघड्या जबड्यांची रांग. पहिल्यांदा येणारा माणूस दारातच थबकायचा. इतकी तोंडं एकदम आपल्यावर हसतात म्हटल्यावर कुणीही थबकेल. धंद्यावरूनच त्याला सगळे 'बत्तीशी' म्हणायचे, आणि तोही त्या नावाला ओ द्यायचा.

दगड गोळा करायचा नाद मात्र उशिरा लागला. बसून बसून गुडघे धरले तेव्हा डॉक्टर म्हणाले, चालत जा. हा समुद्राकडं चालायला लागला. किनाऱ्याला मातीचा उंच कडा आहे, लाटांनी तो खालून खाल्ला की वरून ढासळतो, आणि त्या ढिगाऱ्यातून फार फार जुन्या समुद्रातली जनावरं दगड होऊन बाहेर पडतात. बत्तीशीला पहिल्याच आठवड्यात तिथं एक काळा, तिकोनी, धारदार दात मिळाला. शार्कचा. चांगला अंगठ्याएवढा.

तिथंच घात झाला. पहिल्याच डावात माणूस जिंकला की तो पुढं जन्मभर हरत राहतो.

कड्याखाली दर रविवारी फिरणारी एक टोळी होती, तिला सगळे 'रविवारवाले' म्हणत. त्यात शहरातली बस चालवणारी एक ठसठशीत ड्रायव्हरबाई होती, एक-दोन पेन्शनर होते, आणि औषधाचं दुकान चालवणारा एक जण होता. हा औषधवाला म्हणजे बत्तीशीच्या बायकोचा धाकटा भाऊ. म्हणजे सख्खा मेव्हणा. दाजींची टर उडवायचा हक्क त्याला नात्यानंच मिळालेला, आणि तो त्यानं एक दिवस वाया घालवला नाही.

टोळीत शिरल्यापासून बत्तीशीला जे सापडेल ते दात. दगडाला चिकटलेली कालवांची रांग दिसली, की म्हणे लहान पोराचे दुधाचे दात. शिंपल्याचा काठ दिसला, की म्हणे दाढ आहे, घासलेली आहे. मेव्हणा म्हणायचा, "दाजींना उद्या चंद्रकोर दाखवली तर तीही अर्धी कवळी म्हणतील."

आणि मग तो कमोडचा रविवार आला. त्या दिवशी संग्रहालयात बत्तीशीनं पांढरा, गुळगुळीत, एका अंगाला तुटलेला एक तुकडा पिशवीतून काढला आणि देवमाशाची दाढ म्हणून सगळ्यांपुढं धरला. घरी त्याला प्लास्टरची छान बैठक करून आणली होती. संग्रहालयातल्या बाई दर महिन्याला रविवारवाल्यांचं सामान बघून द्यायच्या. त्यांनी तो तुकडा बैठकीतून उचकटला, उलटा केला, आणि काही न बोलता त्याच्या पुढं ठेवला. खाली निळ्या शाईत कारखान्याचा अर्धा शिक्का होता. देवमाशाची दाढ नव्हे, तो फुटक्या कमोडचा तुकडा होता, समुद्रानं घासून दिलेला.

ड्रायव्हरबाई इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. मेव्हणा म्हणाला, "दाजी, यानं खायचं नसतं, यावर बसून खाल्लेलं उतरवायचं असतं."

बत्तीशीचं डोकं सटकलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. तो उभा राहिला आणि म्हणाला, "यापुढं कुठल्याही दगडाला मी दात म्हणालो, तर माझी ही पिशवी तुझ्या हवाली. हातोडी, छिन्नी, सगळ्यासकट. आणि परत कड्याखाली पाय ठेवणार नाही."

"सगळ्यांनी ऐकलं," मेव्हणा म्हणाला.

"ऐकायलाच सांगतोय."

घरी गेल्यावर बायकोनं विचारलं, "अहो, रागाच्या भरात असलं काय बोलून आलात? तुमचं पिशवीचं काही नाही मला. पण चुकून बोलून बसलात तर रविवारी जाणार कुठं?"

"घरी असेन की."

रविवार हा बायकोचा होता. त्या दिवशी तिच्या दोन मैत्रिणी यायच्या, पत्त्यांचा डाव पडायचा, सगळ्या गल्लीचं उणंदुणं निघायचं. नवरा घरात असला की तो मध्येच येऊन त्या मैत्रिणींच्या तोंडाकडं निरखून बघायचा आणि म्हणायचा, "तुमची उजवी बाजू वापरात नाही वाटतं." एकीनं तर त्यापायी तोंडावर रुमाल धरून बोलायची सवय लावून घेतली होती.

तर शपथ घेतली आणि बत्तीशीनं ती पाळलीही. कितीतरी महिने त्यानं दगडाला दगड म्हटलं आणि शिंपल्याला शिंपला. नेमका असा शहाण्यासारखा वागायला लागला, आणि ते सापडलं.

रात्रभर वारा सुटला होता, सकाळी कड्याची एक मोठी दरड खाली आली होती. निळसर चिखलातून काहीतरी काळं, चकचकीत डोकावत होतं. बत्तीशी गुडघ्यावर बसला, बोटानं चिखल सारला. तळहाताएवढी पट्टी. आडव्या, अरुंद, सहा कोनांच्या पट्ट्या एकाला एक खेटून बसवलेल्या, दोन्ही कडांना छोटे छोटे सहा कोनी तुकडे. फट नाही, मधे चुना नाही. एका अंगानं आरशासारखी गुळगुळीत, दुसऱ्या अंगानं बारीक बारीक दातेरी, कंगव्यासारखी.

त्याला बघताक्षणी कळलं ते काय आहे. माणसाला आपलं पोर गर्दीत पाठमोरं दिसलं तरी कळतं ना, तसं. आणि कळल्याबरोबर त्यानं तोंड गच्च मिटलं, कारण चार पावलांवर मेव्हणा उभा होता.

"काय दाजी, काय घावलं?"

"काही नाही. आहे काहीतरी."

मेव्हण्यानं हातात घेतलं, उन्हाला धरलं. चेष्टा करायचं विसरला. "हे आपल्याला कधीच नाही मिळालं. काय असेल हो?"

"तू सांग."

"कासव. पाठीचं कवच. बघा ना, कशा फरश्या बसवल्यात."

ड्रायव्हरबाई आली. ती म्हणाली, मक्याचं कणीस दगड झालंय. पेन्शनरांपैकी एक म्हणाला पोवळं, दुसरा म्हणाला झाडाचं बोंड. बत्तीशी प्रत्येकाच्या तोंडाकडं आशेनं बघत होता. कुणीतरी एकानं तरी म्हणावं. दुसऱ्याच्या तोंडून शब्द आला असता तर याची मान मोकळी होती. यानं नुसतं 'असेल बुवा' म्हटलं असतं. पण नाही. जगात दातांची आठवण दुसऱ्या कुणालाच येत नव्हती.

घरी आल्यावर त्यानं ती पट्टी भाजी चिरायच्या फळीवर ठेवली आणि बायकोला बोलावलं. "तुला हे कशासारखं दिसतं?"

"बाथरूमच्या फरशीसारखं."

"नीट बघ. कशासाठी वापरत असतील?"

"कोण?"

"ज्याचं असेल तो."

बायकोनं चष्मा लावला. पट्टी हातात घेतली, मग नवऱ्याकडं बघितलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्याचं तोंड तिला घरच्या घड्याळासारखं वाचता यायचं. "अहो," ती म्हणाली, "हे ते आहे ना?"

"काय ते?"

"जे तुम्ही म्हणायचं नाही ते."

"तू म्हण ना पण. एकदा माझ्या देखत, तुझ्या भावासमोर म्हण."

"मी कशाला म्हणू? मी म्हटलं की तो म्हणेल दाजींनी पढवून पाठवली. तुम्ही कासव म्हणा आणि मोकळे व्हा. कासवाचं काय जातंय?"

तोडगा वाईट नव्हता. पण एक अडचण होती. संग्रहालयातल्या बाईंचा एक नेम होता: ज्याला वस्तू सापडली त्यानं आधी बोलायचं, काय वाटतं आणि का वाटतं ते सांगायचं, मगच बाई बघणार. गप्प बसणाऱ्याची वस्तू त्या हातातही घेत नसत. म्हणजे कासव म्हटलं तर पिशवी वाचली. काहीच नाही म्हटलं तर पट्टी जन्मभर बिननावाची. आणि खरं म्हटलं तर रविवार गेले.

महिना भरेपर्यंत बत्तीशी ती पट्टी कामाच्या टेबलावर घेऊन बसला. गिऱ्हाइकांच्या कवळ्या रखडल्या. त्यानं पट्टीचा ठसा घेतला, प्लास्टरचा साचा काढला, मेण मऊ करून त्यात ती दाबून बघितली. गुळगुळीत बाजू हिरडीवर बसणार, हे त्याच्या मते उघड होतं. कवळीची हिरडीकडची बाजू गुळगुळीतच लागते, नाहीतर माणसाला खुपतं. मग दातेरी बाजू चावायची. मेणात कंगव्याचे दाते उमटल्यासारख्या रेघा उठल्या. त्या बघून त्याला जरा शंका आली. असल्या दातांनी हे जनावर खात काय असेल, केस? पण माणसाला एकदा उत्तर आवडलं की तो शंकेला दारातूनच वाटेला लावतो.

ठरलेल्या दिवशी सगळे संग्रहालयाच्या मागच्या खोलीत जमले. मोडक्या खुर्च्या, काचेचं पाणी उडालेली कपाटं, मधे लांब टेबल आणि त्यावर वाकवता येणारा दिवा. बाई दिव्याखाली बसायच्या, शेजारी चहाचा मग, जो त्या कधीच गरम असताना प्यायच्या नाहीत. बत्तीशी ठरवूनच आला होता. वाटेत तीनदा पुटपुटून पाठही केलं होतं: कासव, पाठ, फरश्यांसारखी रचना.

त्याची पाळी आली. त्यानं रुमालातून पट्टी काढून दिव्याखाली ठेवली. बाई किंचित पुढं झुकल्या, पण हात लावला नाही.

"बोला. काय आहे?"

बत्तीशी बोलायच्या आधीच मेव्हणा म्हणाला, "बाई, कासवाची पाठ आहे. आम्ही सगळ्यांनी बघितलीय."

"तुम्हाला नाही विचारलं. ज्यांना सापडली त्यांना विचारलं."

"तेही तेच म्हणणारेत. हो ना दाजी?"

सगळे माना हलवत होते. पाठ, पाठ. आणि नेमकं ते बत्तीशीच्या डोक्यात गेलं. आयुष्यभर ज्याच्यावर चूल पेटली, ज्याच्या एकेक टोकासाठी डोळे गेले, ते समोर पडलंय आणि त्याला पाठ म्हणायची? कुणी याच्या बापाला मावशी म्हटलं असतं तर ऐकून घेतलं असतं का?

"दात," तो म्हणाला.

ड्रायव्हरबाईनं कपाळाला हात लावला. मेव्हण्याचं तोंड आधी हसायला उघडलं आणि मग तसंच राहिलं, कारण दाजींचा चेहरा हसण्याजोगा नव्हता.

"दात आहेत," बत्तीशी म्हणाला. "पिशवी गेली तर जाऊ दे. एकमेकांत असे घट्ट बसवलेले दात मी पाठ म्हणून नाही सांगणार. ही गुळगुळीत बाजू हिरडीवर. ही दातेरी बाजू चावायची. आणि हे जनावर नीट जेवणारं होतं, मधले दात मोठे, कडेचे लहान, बसवणाऱ्यानं चांगलं काम केलंय."

बाईंनी पट्टी उचलली. भिंगातून एका अंगानं बघितली, दुसऱ्या अंगानं बघितली, नखानं काठाचा चिखल काढला. मग म्हणाल्या, "बरोबर. दातच आहेत."

ड्रायव्हरबाईनं टेबलावर थाप मारली.

"पण," बाई म्हणाल्या आणि पट्टी हातातल्या हातात पालथी केली, "तुम्ही ती उलटी धरलीत."

"उलटी?"

"ही कंगव्यासारखी दिसते ती मुळांची बाजू. हिरडीत रुतलेली. चावायची बाजू ही, गुळगुळीत. जात्याच्या तळीसारखी. शिंपले, खेकडे, कालवं, सगळं भरडायचं. भरडून भरडूनच तर ती अशी चकाकते."

बत्तीशी बघत राहिला. आता दिसत होतं. मधल्या पट्ट्या कडेपेक्षा जास्त झिजलेल्या होत्या, झिजलेल्या दाढेसारख्याच. अशा झिजलेल्या दाढा त्यानं हजारांनी हातात धरल्या होत्या, आणि ही धरली ती पालथी. पण बाईंचं बोलणं इतकं गोडीचं होतं की लाज वाटून घ्यायला वेळ मिळेना.

"कुणाचे?" त्यानं विचारलं.

"पाकटाचे. तो चपटा मासा, पंख पसरल्यासारखा पोहणारा, त्याचे. आजच्या पाकटाचे नाहीत, त्यांच्या कुठल्यातरी खापरपणजीचे. इथं असले सुटे दात येतात कधीमधी, पण एवढी अख्खी पट्टी या कड्यातून आलेली मी बघितली नाही."

"वरची की खालची?"

बाई हसल्या. "हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. थोडी कमानीसारखी वाकलीय, त्यावरून वरची वाटते. पण कपाटातल्या दुसऱ्या पट्ट्यांशी लावून बघितल्याशिवाय शब्द देणार नाही. ठेवाल इथं?"

"ठेवा. साचा आहे माझ्याकडं."

इथवर सगळं गोड झालं. मग बत्तीशीनं खांद्यावरची पिशवी काढली. आत हातोडी, छिन्नी, जुने ब्रश, चिंध्या. ती मेव्हण्यापुढं ठेवली आणि म्हणाला, "घे."

"दाजी, राहू द्या की. बरोबर निघालं ना तुमचं."

"मी चुकलो तर, असं नव्हतं म्हटलं. म्हणालो तर, असं म्हटलं होतं. तू म्हणालास सगळ्यांनी ऐकलं."

"अहो, मी चेष्टेनं म्हणालो होतो."

"मी नव्हतो म्हणालो चेष्टेनं."

आणि तो गेला. शब्दाला जागणारा माणूस बघायला फार छान असतो. त्याच्याबरोबर एका घरात राहायचं झालं की मग कळतं.

पहिल्या रविवारी बत्तीशीनं स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणं लावले. बायकोला हळद सापडेना. दुसऱ्या रविवारी त्यानं मैत्रिणींना बसवून पाकट कसं चावतं ते समजावून सांगितलं, ताटली आणि वाटी घेऊन, वरचा जबडा हा, खालचा हा, आणि दोन्हींच्या मधे बिस्किटं भरडून दाखवली. बिस्किटं चहाबरोबर खायची होती. रुमालवाली मैत्रीण रुमाल तसाच तोंडाला धरून उठली आणि म्हणाली, पुढच्या वेळी आमच्याकडं बसू. बायकोनं ते ऐकलं आणि तिच्या कपाळावर आठी पडली. डाव तिच्या घरातून हलला म्हणजे गल्लीची सगळी बातमी आधी दुसरीकडं पोचणार.

सोमवारी सकाळी ती भावाच्या दुकानात गेली. हे बत्तीशीला नंतर ड्रायव्हरबाईनं सांगितलं. ती तिथं खोकल्याचं औषध घ्यायला उभी होती आणि औषध मिळूनही हलली नाही.

"पिशवी दे," बहीण म्हणाली.

भाऊ काउंटरच्या मागं होता. "ताई, ती दाजींनी दिलीय मला. शपथेवर."

"शपथ त्यांनी घेतली. मी घेतली नाही."

"अगं, मीच आणून देणार होतो. दोनदा घराशी येऊन परत गेलो. वाटलं दाजी रागावलेत, घेणार नाहीत."

"रागावलेत कसले. काल माझी दोन पुडे बिस्किटं भरडली. आण इकडं."

"पण ते म्हणतील, शब्द म्हणजे शब्द."

"शब्द पिशवीचा होता. पिशवी त्यांनी तुला दिली, शब्द पाळला, संपलं. आता ती तुझी. तुझी वस्तू तुझ्या बहिणीनं मागितली तर तू नाही म्हणणार?"

औषधवाला काउंटरखाली वाकला. ड्रायव्हरबाई सांगत होती, पिशवी तिथंच होती, पायाशी, आणि हातोडीला त्यानं तेल लावून ठेवलं होतं.

"आणि कड्याखाली पाय ठेवणार नाही म्हणाले होते, त्याचं काय?" तो म्हणाला.

"त्याचं मी बघते."

तिनं बघितलं ते असं. रविवारी उजाडता उजाडता बत्तीशीपुढं चहाचा कप आला, आणि कपाशेजारी पिशवी. त्यानं पिशवीकडं बघितलं, मग बायकोकडं. ती पाठमोरी उभी राहून डबे परत आपल्या जागी लावत होती.

"ही कुठली?"

"माझी. भावानं दिलीय. मला त्या कड्याखालचा एक दगड पाहिजे, दाराला लावायला. दार आपटतं."

"दार कुठं आपटतंय?"

"आपटेल. मी काही त्या चिखलात जाणार नाही, गुडघे माझेही दुखतात. तुम्ही आणून द्या."

"मी शपथ घेतलीय."

"तुम्ही तुमच्यासाठी जायचं नाही अशी घेतलीय. बायकोनं सांगितलेलं काम करायचं नाही, अशीही घेतलीय का? घेतली असेल तर तसं सांगा, म्हणजे बाकीच्या कामांचंही बघता येईल मला."

बत्तीशीनं बराच वेळ चहा फुंकला. चहा कधीच निवला होता. "कसला दगड पाहिजे?" त्यानं विचारलं.

"जड. आणि घाई करू नका. चांगला मिळेपर्यंत बघा. आज नाही मिळाला तर पुढच्या रविवारी बघा."

त्यानं बूट घातले. पिशवी खांद्याला लावली, तिचा बंद नेहमीच्या जागी बसला. पायरीवर तो वळून काहीतरी बोलणार होता, तोवर दार लागलं होतं. कोपऱ्यावर दिव्याच्या खांबाआड दोन बायका उभ्या होत्या, एकीनं तोंडाला रुमाल धरलेला. त्यानं त्यांना ओळख दाखवली. त्यांनी मान हलवली, आणि तो उताराला लागायच्या आत लगबगीनं त्याच्या घराकडं निघाल्या.